रूपकुंड : नंदादेवीचा आरसा

हिमालयातील सरोवरांचा विषय निघाला की मानसरोवराचे नाव प्रथम ओठांवर येते. त्या विस्तीर्ण जलाशयाच्या तुलनेत उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यातील रूपकुंड अगदीच लहान आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस बर्फ वितळून पाणी पुरते मोकळे झाले तरी त्याचा व्यास जेमतेम ४० मीटर भरतो. खोलीही फारशी नाही. तरीही समुद्रसपाटीपासून ५,००० मीटरांहून अधिक उंचीवर, त्रिशूल शिखराच्या पायथ्याशी वसलेल्या या कुंडाने गेली कित्येक शतके पहाडी माणसाच्या मनावर सत्ता गाजवली आहे. गढवालच्या लोकगीतांत ते आहे, देवीच्या यात्रेच्या वाटेवर ते आहे आणि गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतही ते जाऊन पोहोचले आहे. त्याचे सौंदर्य आणि त्याची भीषणता ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

रूपकुंडाची वाट लोहाजंग या गावापासून चढू लागते. नंदादेवीने येथे लोहासुराशी युद्ध केले म्हणून हे लोहाजंग, असे गावकरी सांगतात. पुढे वाण हे वस्तीचे शेवटचे गाव. येथे देवदारांच्या सावलीत लाटू देवतेचे मंदिर आहे. लाटू हा नंदेचा धर्मभाऊ. त्याच्या मंदिराचे दार वर्षातून एकदाच, वैशाख पौर्णिमेला उघडते आणि पुजारीदेखील डोळ्यांवर पट्टी बांधूनच आत जातो. देवाचे तेज उघड्या डोळ्यांनी पाहू नये, अशी श्रद्धा आहे. वाण सोडल्यावर बांज आणि बुरांश यांचे घनदाट रान लागते. बुरांश हा उत्तराखंडाचा राज्यवृक्ष. वसंतात तो फुलतो तेव्हा हिरव्या रानात लाल फुलांचे घोसच्या घोस लटकतात. चढता चढता झाडे खुरटी होत जातात आणि एका वळणावर रान एकाएकी संपते. समोर उघडते ते बेदनी बुग्याल.

वृक्षरेषेच्या वर आणि हिमरेषेच्या खाली पसरलेल्या कुरणांना गढवालीत बुग्याल म्हणतात. आठ-आठ महिने बर्फाखाली दबलेली ही जमीन जून-जुलैत हिरवी होते आणि भाद्रपदापर्यंत असंख्य रंगांच्या फुलांनी भरून जाते. खालच्या गावांतील मेंढपाळ आपले कळप घेऊन वर येतात. बेदनीत एक उथळ कुंड आहे. वारा पडलेला असला की त्यात त्रिशूल आणि नंदा घुंघटी या शिखरांची प्रतिबिंबे उतरतात. वेदांची रचना येथेच झाली आणि म्हणूनच हे बेदनी, असेही लोक मानतात. या कुरणांतून मोठ्याने ओरडत किंवा भडक रंगाचे कपडे घालून फिरू नये, अशी गढवालात जुनी ताकीद आहे. येथे आंछरी, म्हणजे वनपऱ्या राहतात आणि गोंगाट करणाऱ्याला त्या आपल्याबरोबर घेऊन जातात. आजचा माणूस यावर हसेल. परंतु उंच डोंगरावर बेसावध, बेफिकीर होऊ नये, हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात रुजवण्याचा याहून सोपा मार्ग कोणता असणार?

बेदनीनंतर वाटेतले एकेक ठिकाण एकेक कथा घेऊन येते. पातर नचौनी म्हणजे नर्तकी जेथे नाचल्या ती जागा. कालू विनायकाच्या खिंडीत गणेशाची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. यात्रेकरू तिच्यापुढे मस्तक टेकवून पुढच्या बिकट वाटेसाठी बळ मागतात. बगुबासा येथे देवीने आपले वाहन असलेला वाघ ठेवला, अशी समजूत आहे. येथपासून मातीपेक्षा दगड अधिक, आणि दगडांच्या सांदीसांदीतून भाद्रपदात ब्रह्मकमळे उमलतात. फिकट हिरव्या, कागदासारख्या पातळ पाकळ्यांच्या आड जांभळट मध्यभाग लपवणारे हे फूल नंदेला वाहिले जाते. त्यानंतर खडी चढण, आणि चढण संपते तेथे एखाद्या वाडग्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यासारखे रूपकुंड. प्राचीन हिमनदीने कोरलेल्या खळग्यात हे पाणी साठले आहे. तिन्ही बाजूंनी सुटे दगड आणि बर्फ यांचे उतार थेट कुंडात उतरतात. वर्षातील बहुतेक काळ ते गोठलेले असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात थोडे दिवस ते निळसर-हिरवे डोळे उघडते.

त्याच्या नावाची कथा गोड आहे. नंदा म्हणजे पार्वती. विवाहानंतर ती शिवाबरोबर कैलासाकडे निघाली होती. वाटेत असुरांशी झुंज देऊन ती थकली आणि तिला तहान लागली. आसपास कोठे पाण्याचा थेंब नव्हता. तेव्हा शिवाने त्रिशूळ रोवला आणि तेथे पाणी आले. पाणी पिण्यासाठी नंदा वाकली, तो त्या स्वच्छ पाण्यात तिला आपलेच रूप दिसले. म्हणून हे रूपकुंड. नववधूला सासरी जाताना तिचा आरसा वाटेत सापडावा, अशी ही कल्पना.

ही कथा समजण्यासाठी नंदा गढवालची कोण लागते हे जाणले पाहिजे. ती तेथे केवळ देवी नाही. ती गावची लेक आहे. गढवाल तिचे माहेर आणि कैलास तिचे सासर. लग्न होऊन गेलेल्या लेकीला गढवालीत ध्याण म्हणतात आणि नंदेची गाणी ही ध्याणीचीच गाणी आहेत. सासर बर्फाचे, नवरा भस्म फासणारा जोगी, खायला-ल्यायला काही नाही, आणि माहेरच्यांना माझी आठवण तरी येते का, अशी तक्रार त्या गाण्यांतून देवी करते. ती म्हणणाऱ्या स्त्रिया आपापल्या मनातलेच बोलत असतात. भाद्रपदात नंदाष्टमीच्या सुमारास तिला माहेरी आणून, ओटी भरून परत पाठवले जाते. महाराष्ट्रात ज्येष्ठा गौरी माहेरवाशीण म्हणून येतात त्याही भाद्रपद शुद्ध पक्षातल्याच या दिवसांत. सह्याद्रीत आणि हिमालयात एकाच सुमारास घरोघरच्या डोळ्यांत लेकीच्या पाठवणीचे पाणी यावे, यात या भूमीचे एकपण दिसते.

दर बारा वर्षांनी मात्र ही पाठवणी फार मोठ्या प्रमाणावर होते. तिला नंदादेवी राजजात म्हणतात. येथील ‘जात’ म्हणजे यात्रा. आपल्या ‘जत्रे’चेच ते भावंड. चांदपूरच्या राजघराण्याचे वंशज असलेले कांसुवा गावचे कुंवर आणि नौटी गावचे पुरोहित यांच्याकडे तिचा मान आहे. नौटीपासून होमकुंडापर्यंत आणि परत असा सुमारे २८० किलोमीटरांचा हा पायी प्रवास आहे. गावोगावच्या डोल्या आणि रिंगाळ या बारीक बांबूच्या छंतोल्या, म्हणजे छत्र्या, वाटेत येऊन मिळतात. सर्वांच्या पुढे चालतो तो चार शिंगांचा मेंढा, चौसिंगा खाडू. देवीसाठी दिलेली लेणी-लुगडी त्याच्या पाठीवर लादलेली असतात. वाणपासून वर, रूपकुंडाच्या काठावरून, ज्युनारगलीची अरुंद धार ओलांडून यात्रा होमकुंडाला पोहोचते. तेथे पूजा झाली की मेंढ्याला मोकळे सोडले जाते. तो एकटाच वर, बर्फाकडे निघून जातो आणि माणसे मागे न पाहता परततात. २००० साली ही यात्रा झाली. त्यानंतरची २०१३ साली व्हायची होती, परंतु त्या वर्षीच्या भीषण प्रलयामुळे ती २०१४ साली निघाली.

याच यात्रेच्या गाण्यांत एक शोककथा गुंफलेली आहे. कनौजचा राजा जसधवल याच्या राज्यावर देवीच्या कोपाने संकटे आली. तिला प्रसन्न करण्यासाठी तो जातेला निघाला. बरोबर राणी बल्लंपा होती आणि ती गर्भवती होती. सेवक, सैनिक होते. करमणुकीसाठी नर्तकीही होत्या. तीर्थयात्रेचे नियम न पाळता राजाने वाटेत नाचगाण्याचा दरबार भरवला. देवी संतापली आणि नर्तकी जेथे नाचत होत्या तेथेच दगड होऊन पडल्या. तीच पातर नचौनी. पुढे पर्वताच्या एका आडोशाला राणी प्रसूत झाली. पवित्र भूमी विटाळली म्हणून देवीचा कोप अनावर झाला. आकाशातून लोखंडासारख्या कठीण गारा कोसळल्या आणि राजा, राणी, तान्हे बाळ, सारा परिवार रूपकुंडाच्या उतारावर गाडला गेला. पिढ्यान्‌पिढ्या गावकरी हे गात राहिले. दूरच्या शहरांतील माणसांना ती एक दंतकथा वाटली असती.

१९४२ साली हरिकिशन मधवाल नावाचे वनरक्षक आपल्या फेरीत रूपकुंडावर पोहोचले आणि पाण्यात व काठावर मानवी सांगाडे विखुरलेले त्यांना दिसले. एक-दोन नव्हे, शेकडो. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे असल्याने, हिमालय ओलांडून आलेले जपानी सैनिक येथे मेले असावेत, अशी शंका आली. हाडे त्याहून पुष्कळ जुनी आहेत हे लवकरच कळले. इतक्या उंचीवरील थंडीने काहींच्या हाडांवर केस आणि मांसही टिकवले होते. चामड्याच्या चपला, अंगठ्या अशा वस्तूही तेथे मिळाल्या. पुढे मानववंशशास्त्रज्ञ, इतिहासकार, गिर्यारोहक येत राहिले आणि तर्क वाढत गेले. कोणी हरलेले सैन्य म्हणाले, कोणी व्यापारी तांडा, कोणी साथीच्या रोगाने मेलेले लोक.

२००४ साली झालेल्या शोधमोहिमेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे सहभागी होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या आघातांच्या, न भरलेल्या भेगा दिसल्या. त्या तलवारीच्या वा भाल्याच्या घावांसारख्या नव्हत्या. एखादी जड, गोलसर वस्तू डोक्यावर आदळावी तशा त्या होत्या. वृक्षरेषेच्या इतक्या वर ना झाड, ना गुहा. मोठ्या गारांच्या वर्षावात सापडलेल्या माणसाला डोके झाकायला जागाच नाही. नंतर उतारावरून घसरणारे बर्फ आणि दगड मृतदेहांना तळच्या खळग्यात लोटत राहिले. कार्बन-कालमापनाने काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपासचा निघाला. लोकगीतातल्या लोखंडी गारा खऱ्या ठरल्या, असे तेव्हा अनेकांना वाटले आणि रूपकुंडाचे कोडे सुटल्यासारखे झाले.

पंधरा वर्षांनी त्याच कोड्याला नवे तोंड फुटले. भारत, अमेरिका आणि जर्मनीतील शास्त्रज्ञांनी ३८ व्यक्तींच्या हाडांतील डीएनए तपासून आपले निष्कर्ष ऑगस्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. डेक्कन कॉलेजच्या डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी या संशोधनात सहभागी होत्या. ३८ पैकी २३ जण भारतीय उपखंडातील वंशाचे निघाले. परंतु तेही एका प्रांताचे, एका कुटुंबाचे नव्हते आणि सर्व जण एकाच वेळी मेलेलेही नव्हते. सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान, निरनिराळ्या प्रसंगी ते तेथे मरण पावले. आणखी १४ जण पूर्व भूमध्य सागराच्या प्रदेशातील, आजच्या क्रीट बेटावरील लोकांशी जवळीक दाखवणारे होते. त्यांचा मृत्यू इसवी सन १८०० च्या आसपासचा. एक व्यक्ती आग्नेय आशियाई वंशाची होती. हाडांतील रासायनिक खुणांवरून आहारही कळला. भारतीय गटातील लोकांच्या खाण्यात मोठी विविधता होती, बाजरीसारखी भरड धान्येही होती. भूमध्य गटाच्या आहारात ती जवळजवळ नव्हती. साथीच्या रोगाच्या जंतूंचा माग लागला नाही. स्त्रिया आणि पुरुष दोन्ही होते.

मग लोकगीत खोटे ठरले का? या प्रश्नाचे उत्तर सावधपणे दिले पाहिजे. गीताने एक राजा, एक दिवस आणि एक आपत्ती सांगितली. हाडांनी अनेक प्रसंग सांगितले. परंतु शास्त्रज्ञांनीही भारतीय गटापैकी निदान काही जण देवीचे यात्रेकरू असावेत, ही शक्यता ग्राह्य धरली आहे. परिसरातील मंदिरांत आठव्या ते दहाव्या शतकांतील शिलालेख आहेत आणि ते या यात्रेच्या प्राचीनतेकडे बोट दाखवतात. वेगवेगळ्या प्रांतांतून, वेगवेगळे अन्न खाणारी, एकमेकांच्या नात्यात नसलेली माणसे ज्या वाटेवर एकत्र येतात ती तीर्थाचीच वाट असते. जनमानसाने अनेक पिढ्यांचे मृत्यू एका गाण्यात बांधले. एकेका मृताचे नाव कोण लक्षात ठेवणार? एका राजाचे ठेवले, आणि त्याच्यामागे उरलेले सारे चालत आले. लिखित इतिहासाने ज्यांची दखल घेतली नाही, त्यांना डोंगरातल्या निरक्षर गायकांनी हजार वर्षे विसरू दिले नाही.

एका बाबतीत मात्र गीतापेक्षा हाडांची साक्ष अधिक न्यायाची आहे. गीताने आपत्तीचा दोष प्रसूत झालेल्या स्त्रीवर आणि नाचणाऱ्या स्त्रियांवर ठेवला. याच कथेच्या आधाराने वाणच्या पुढे स्त्रियांनी जाऊ नये, असा दंडक दीर्घकाळ चालला. हाडे सांगतात की त्या प्राचीन काळीही स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने या उंचीवर चढल्या होत्या. आकाश कोसळले ते स्त्री-पुरुष असा भेद न करता. संकट आले की कोणीतरी दोषी शोधावा ही मनुष्याची खोड आहे, आणि बहुधा तो दोषी सर्वांत दुर्बळच असतो. अलीकडच्या यात्रांत स्त्रिया सामील होऊ लागल्या आहेत. लेकीच्या पाठवणीला घरातल्या स्त्रियांनीच मागे राहावे, ही विसंगती आता हळूहळू दूर होते आहे.

आणि ते चौदा परके? त्यांच्याविषयी गढवालात एकही गाणे नाही. समुद्राकाठच्या कोणत्या गावातून ते निघाले, या बर्फात काय शोधत आले, त्यांची वाट किती वर्षे कोणी पाहिली, हे कोणत्याही दप्तरात सापडलेले नाही. हजार वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूंना गाण्याने जपले. दोनशे वर्षांपूर्वीच्या या पाहुण्यांना मात्र केवळ हिमाने जपले.

ते जपणेही आता सुरक्षित राहिलेले नाही. रूपकुंडाची कीर्ती पसरली तशी हौशी पदयात्रींची गर्दी वाढली. आठवण म्हणून कोणी कवटी उचलली, कोणी हाड पिशवीत टाकले. छायाचित्रासाठी सांगाडे हलवून, रचून ठेवले गेले. कोणते हाड मुळात कोठे होते हे न उरल्यामुळे संशोधकांच्या हातून कितीतरी पुरावा निसटला. खाली बुग्यालांवर तंबूंच्या रांगा, खेचरांचे तांडे आणि कचरा यांनी गवताची पातळ कातडी फाटू लागली. अखेर २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली आणि पर्यटकांच्या संख्येवर २०० ची मर्यादा घातली. या निर्णयाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. लोहाजंग, वाण या गावांतील वाटाडे, खेचरवाले, स्वयंपाकी यांची चूल याच वाटेवर पेटत होती. डोंगर वाचला पाहिजे आणि डोंगरातला माणूसही जगला पाहिजे. पाहुण्यांनी संयम पाळला असता तर मनाईची वेळच कदाचित आली नसती.

गावकऱ्यांच्या जुन्या चालीरीतींत हा संयम आधीच होता. कुरणात मोठ्याने बोलू नये. नंदाष्टमीपूर्वी ब्रह्मकमळ तोडू नये. देवीच्या वाटेवर चामडे नेऊ नये. मेंढ्याला सोडल्यावर मागे वळून पाहू नये. आंछरींवर विश्वास असो वा नसो, या नियमांनी हजार वर्षे एक नाजूक भूमी राखली. श्रद्धा ओसरली तेव्हा नियमांमागचे कारण समजून घेण्याची जबाबदारी वाढली. ती न पेलता माणसांनी नियम तेवढे टाकून दिले.

रूपकुंड हे अखेर एक उघडे स्मशान आहे, आणि ज्यांना अग्नी मिळाला नाही, माती मिळाली नाही, अशा माणसांचे ते स्मशान आहे. नंदेने त्या पाण्यात आपले रूप पाहिले, असे कथा सांगते. आज त्याच्या काठावर उभ्या राहणाऱ्यालाही पाण्यात आपला चेहरा दिसतो आणि त्याच चेहऱ्याखाली तळाशी कोणा अनोळखी वाटसरूचा. तेथे दोन क्षण हात जोडून, काहीही न उचलता, शांतपणे परत फिरणे एवढेच त्या वाटसरूचे मागणे असेल.